कडा बगा, बाई

म्हस्कूतात्यांच्या दारात मी पहिल्यांदा गेले ती पाण्याची मोटर किती वाजता लावायची, एवढंच विचारायला. बारामतीत नोकरीला येऊन मला चारच दिवस झाले होते. वरच्या खोलीत मी भाडेकरू, खालच्या खोलीत ते. मी पायरीवर उभी, पायात चप्पल, आणि तात्यांनी माझ्या हातात दोन फोटो ठेवले. दोन्ही फोटो समोरच्या गोदामाच्या भिंतीचे. तीच भिंत, तीच खताची रंगवलेली जाहिरात, तोच उडालेला गिलावा.

"डावा का उजवा?"

"कशासाठी?"

"कुठला चांगला, ते सांगा. मधी बगू नगा. मधी समदीच शाणी असत्यात. कडा बगा, बाई, कडा."

मी कडा बघितल्या. उजव्या फोटोत कोपऱ्यातला 'भरघोस' हा शब्द स्वच्छ वाचता येत होता. डाव्यात तोच शब्द पाण्यात साखर टाकावी तसा विरघळला होता. मी "उजवा" म्हणाले. तात्यांनी वहीत खूण केली आणि पुढची जोडी काढली. अशा अकरा जोड्या झाल्या. तोवर नळाचं पाणी येऊन गेलं होतं.

तात्यांचं सगळं आयुष्य फोटोत गेलेलं. इंदापुरात त्यांचा स्टुडिओ होता. तालुक्यातली लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं त्यांनी काढलं. शेकडो लोकांची लग्नं लावली, म्हणजे लावलेली टिपली, स्वतःचं तेवढं राहून गेलं. मोबाइल आले तसा स्टुडिओ बंद झाला आणि तात्या बारामतीत येऊन राहिले. येताना काय आणलं? एक खाट, एक स्टोव्ह आणि नऊ जुन्या लेन्स. एक जुना डिजिटल कॅमेरा कुणाकडून तरी मिळवला होता. त्याला मधे पितळी रिंग लावून ते या लेन्स आळीपाळीनं बसवायचे आणि भिंतीचे फोटो काढायचे. गेली कित्येक वर्षं. तीच भिंत.

त्यातलं शास्त्र त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. लेन्सच्या पोटात पातळ पाकळ्या असतात. त्या उघडल्या की लेन्सचा डोळा मोठा होतो, मिटत आणल्या की बारीक. डोळा किती उघडा, त्याचे नंबर असतात. एक-आठ म्हणजे डोळा टक्क उघडा. मग दोन-आठ, चार, पाच-सहा, आठ, अकरा आणि सोळा म्हणजे सुईच्या नेढ्याएवढा.

"एक-आठला जुनी लेन्स पिऊन आलेली असती," तात्या म्हणायचे. "मधलं दिसतंय, कडंचं समदं झोकांड्या खातंय. पाच-सहाला उतरती. आठला न्हाऊन-धुऊन देवळात बसल्यावानी."

"मग सोळाला आणखी चांगली?"

"न्हाय! तितंच फसत्यात लोकं. लई बारीक केला की परत मऊ पडतंय समदं. लई शाणपणा बी कामाचा न्हाय, बाई."

माणसांनाही ते याच मापानं मोजायचे. भाजी मंडईतल्या एका गोडबोल्या आडत्याबद्दल म्हणाले, "एक-आठ हाय त्यो. मधी लोण्यावानी, कडंला हात लावून बगा." आमच्या घरमालकांना त्यांनी सोळा नंबर दिला होता. मी कितीला आहे, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "तुमी चार. आजून जरा मिटायला पायजे."

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. हे कळल्यापासून तात्या मला आपल्या धंद्यातलं माणूस मानायला लागले. "तुमी बी फोटोग्राफरच की! आमी वरून काढतो, तुमी आतून." गल्लीत त्यांनी माझं नाव 'एक्सरेबाई' करून टाकलं. आता दुधवाला सुद्धा मला तेच म्हणतो.

सकाळी साडेआठला भिंतीवर ऊन सरळ पडायचं. त्या वेळी भिंतीपुढं वाहन नको असायचं आणि नेमके त्याच वेळी तिथं भाजीचे टेम्पो उभे राहायचे. तात्या एकेका ड्रायव्हरला हात जोडायचे.

"जरा फुडं घे बाबा. फोटो काढायचाय."

"कुणाचा?"

"भिताडाचा."

"तात्या, भिताड काय पळून चाललंय व्हय?"

सगळे हसायचे. तात्या हसायचे नाहीत. ते कॅमेऱ्याच्या तिपाईमागं वाकायचे, श्वास धरायचे आणि बटण दाबायचे. दवाखान्यात मी दिवसभर लोकांना "श्वास धरा" म्हणत असते. आपण होऊन श्वास धरणारा हा एकच माणूस मी पाहिला.

एका रविवारी मी त्यांना माझ्या स्कूटीवर उजनीच्या पाण्याकडं घेऊन गेले. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी येतात. पुण्याहून लोक तोफेएवढ्या लेन्स घेऊन येतात. मागच्या सीटवर तात्या, त्यांच्या खांद्यावर तिपाई. वाटेत दोघा-तिघांनी आम्हाला भूमापनवाले समजून मोजणी कधी येणार म्हणून विचारलं. पाण्यावर गुलाबी थवेच्या थवे उतरले होते, सगळ्यांचे कॅमेरे खटाखट वाजत होते आणि तात्या पाठ करून काठावरच्या पंपघराच्या दारावरच्या पाटीचा फोटो काढत होते.

पुण्याच्या एका तरुणानं सांगितलं, "काका, पक्षी तिकडं आहेत."

"असू द्या की. पक्षी हलतंय. हलत्याचा निकाल लागत न्हाय."

येताना मी चिडले होते. म्हटलं, "तात्या, एवढ्या लांब येऊन पाटीचा फोटो? आणि कडांचं एवढं काय? चित्रात महत्त्वाचं ते मधेच असतं ना?"

तात्या मागून म्हणाले, "लगीनघरच्या फोटोत मधी कोण असतंय, बाई? नवरानवरी, त्यांचं आईबाप, पुढारी असला तर त्यो. आन कडंला कोण?"

"कोण?"

"उशिरा आलेली. लांबची. जिला कुणी 'या, मधी या' म्हणलं न्हाय ती."

मला वाटलं, म्हातारा जरा तत्त्वज्ञान सांगतोय. मी गाडी चालवत राहिले.

पुढं तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये गोदामाच्या मालकानं भिंतीला पांढरा रंग दिला. कुणालाही न सांगता, एका दिवसात. संध्याकाळी दवाखान्यातून आले तर तात्या त्या कोऱ्या भिंतीसमोर उभे. हातात कॅमेरा होता, पण लटकलेला. टेम्पोवाले सुद्धा थट्टा करत नव्हते.

"दुसरी भिंत बघू, तात्या," मी म्हटलं.

"दुसरी कशी चालंल? समदा ताळा हिच्यासंगं हाय."

दोन दिवस त्यांचं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी ढकललं तर उघडंच होतं. तात्या खाटेवर तापानं फणफणलेले. मी ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं, पेज करून आणली आणि तापाची गोळी शोधायला त्यांच्या ट्रंकेत हात घातला. गोळी सापडली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मोठा फोटो सापडला, वहीच्या दुप्पट आकाराचा. मांडवातल्या घोळक्याचा एक कोपराच मोठा केलेला होता. एक उंच माणूस, पांढरा पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. घोंगडीची किनार ओळखता येत होती. तोंडाच्या जागी नुसता ओघळ. नाक नाही, डोळे नाहीत.

"ठिवा त्ये," तात्या खाटेवरून म्हणाले. मग त्यांनीच सांगितलं.

तो त्यांचा थोरला भाऊ, दगडू. गाव कऱ्हाटी. तात्या लहान असतानाच वडील गेले, दगडूनं मेंढरं राखून धाकट्याला वाढवलं. म्हस्कूला फोटोचा नाद आहे हे ओळखून पहिला कॅमेरा त्यानंच घेऊन दिला. अठरा वर्षांपूर्वी चुलतबहिणीचं लग्न होतं. दगडू मेंढरं घेऊन लांब गेलेला, तिथून चालत आला, उशिरा पोचला. सांज झालेली, लाइट गेलेली, तात्यांचा फ्लॅश ऐन वेळी बंद पडलेला. ग्रुप फोटो तर काढायलाच हवा होता.

"डोळा टक्क उघडला. एक-आठ. दुसरा विलाजच नव्हता. दादा येऊन कडंला हुबा ऱ्हायला. मी त्याला 'मधी ये' म्हणलं न्हाय. म्हणायला पायजे हुतं का न्हाय? माझ्या हातात क्यामेरा हुता, कुणाला बी हलवू शकत हुतो मी."

त्यानंतर तीन महिन्यांनी दगडू गेला. चालता-बोलता गेला. त्याचा दुसरा एकही फोटो नव्हता. वहिनीनं निरोप पाठवला, भावजी, यांचा एक फोटो मोठा करून आणा. तात्यांनी हा मोठा केला. चार वेळा करून बघितला. मग तो ट्रंकेत ठेवला आणि कऱ्हाटीला गेलेच नाहीत.

"काय तोंडानं जाऊ? जगाची तोंडं काढली आन ज्यानं क्यामेरा दिला त्याचंच पुसून टाकलं." तात्या छताकडं बघत होते. "तवापासनं बगतोय. नऊ लेन्सा. चारला काढला असता तर? दुसरी लेन्स असती तर? कुठल्या नंबराला त्यो दिसला असता, तेवढंच."

"वहिनी आहेत अजून?"

"हायेत. ऐकून हाय."

ताप उतरल्यावर पाचव्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना स्कूटीवर बसवलं. ते नको नको म्हणत बसले. कॅमेरा घेतला नाही. तो फोटो मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून शर्टाच्या आत धरला. कऱ्हाटीला पोचेपर्यंत त्यांनी मला तीनदा थांबवलं. एकदा पाणी प्यायला, एकदा पाय अवघडला म्हणून. तिसऱ्यांदा कारणच दिलं नाही.

हौसावहिनी दारात ज्वारी पाखडत होत्या. बारीक, काटक म्हातारी. त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"कोण हाय?"

मीच म्हणाले, "इंदापूरचे म्हस्कूतात्या. तुमचे दीर."

वहिनींनी सूप खाली ठेवलं. उठून आल्या. मला वाटलं आता रडतील. त्या भांडायलाच लागल्या.

"अठरा वर्सं? मी काय पाप केलं हुतं, भावजी? एक फोटो मागितला, चोरी केली का?"

"फोटो आला न्हाय, वयनी." तात्यांनी शर्टातून ते गुंडाळं काढून पुढं केलं. "माझ्या हातनं बिघाडला. त्याचं तोंड न्हाय ह्यात."

वहिनींनी कागद उलगडला नाही. घेऊन तसाच सुपात टाकला. "फोटो न्हाय तर न्हाय. माणसानं तर यायचं! नवरा गेला, आन त्याच्यामागं दीर बी गेला. मी कुणाकुणाचं सुतक धरायचं?"

तात्या मान खाली घालून उभे. मग वहिनी एकदम थांबल्या. अगदी जवळ आल्या, इतक्या की मला वाटलं त्यांना कमी दिसत असावं. दोन बोटांनी त्यांनी तात्यांची हनुवटी वर केली. उन्हाकडं वळवली.

"आगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "पार त्येच झालाय की तुमी. ही हनुवटी, ह्यो खड्डा. त्ये ऱ्हायले असते तर ह्या वयाला असंच दिसले असते." आणि मग त्या रडल्या. "मला कशाला फोटो पायजे हुता? तुमी वर्साला एकदा दारात हुबं ऱ्हायला असता तरी झालं असतं."

तात्या ओट्यावर बसले. मी बाजूला जाऊन उगाच गाडीचा आरसा पुसत राहिले.

दुपार कलली तशी मी निघायचं म्हणाले. तात्या म्हणाले, "तुमी व्हा फुडं. मी आजच्या दिस हितंच ऱ्हातो." मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. तेवढ्यात मागून वहिनींची हाक आली.

"भावजी, हात धुवा. भाकरी गार होती."

तात्या थबकले. मागं वळून बघितलं, मग माझ्याकडं.

"हात धुवा म्हणून हाक," ते म्हणाले, "लई वर्सांनी आली, बाई. एकट्याला कोण मारतंय हाक?" आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता भराभरा घराकडं गेले.

मी गाडी सुरू केली नाही. सणासुदीला मी त्यांना ताट वाढून खाली पाठवत होते, पुरणपोळी, आमटी, सगळं झाकून. त्याचं मला बरंच कौतुकही होतं. तीन वर्षं त्यांच्या डोक्यावरच्या खोलीत राहिले, पण "तात्या, वर या जेवायला," असं एकदाही म्हणाले नव्हते.