गोजराबाई आत्यासाहेबांच्या एकुलत्या तसबिरीची बखर

॥ श्री ॥ एक डोळा मिटून दुजा कॅमेऱ्याच्या खिडकीस लावणारे जितुके आहेत तितुक्यांस दंडवत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख शुद्ध तृतीया, शुक्रवार, ते दिवशी जे घडले आणि पुढे मार्गशीर्षापर्यंत जे घडत गेले, ते यथास्थित लिहितो. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही आणि लिहिणाराचे नाव कोणी पुसत नाही, म्हणोन दोन्ही वगळली. लिहिणार जातीने जागेवर हजर होता. हजर असून गप्प राहिला, त्याचे फळही त्यास मिळाले, ते पुढे येईल.

राज्याचे धनी श्रीमंत हैबतराव महाराज. वय बावन्न, स्वभाव दयाळू, परंतु छंद लागला म्हणजे कारभाऱ्यांनी देव पाण्यात घालून बसावे. महाराजांचे अंतरी एक दुःख बहुत दिवसांचे. महाराज तीन वर्षांचे असता मातुश्रींस देवाज्ञा जाहली, आणि त्यांची एकही तसबीर वाड्यात नाही, म्हणोन आईचे मुख कैसे होते हे लेकरास ठाऊक नाही. पुढे माहेरी येऊन सांभाळ केला तो गोजराबाई आत्यासाहेबांनी. न्हाऊ घातले, मार दिला, जिलब्या चारल्या, आणि राज्य करावयास शिकविले. त्या आत्यासाहेब आता शहाऐंशी वर्षांच्या, आणि त्यांचीही तसबीर नाही. कारण ऐसे की, सोळाव्या वर्षी लग्नात शहरचा फोटोवाला आला, त्याने हनुवटी धरून 'हलू नका, हसू नका' ऐसे दटावून फोटो काढिला, आणि तो सासरी पाहून सासूबाई बोलल्या की सून भांडायला आलेली दिसते. मग दीर, जावा, स्वयंपाकीण, सर्वांनी तेच म्हटले. आत्यासाहेबांनी तो फोटो चुलीत घातला, आणि तदनंतर सत्तर वर्षे कॅमेरा दिसताच पदर ओढून पाठ फिरविली. विवाहसोहळ्यांच्या समस्त फोटोंत त्यांची पाठ आहे. पाठ बहुत करारी.

आईसारखी आत्याही मुखाविना जाईल, या भयाने महाराजांनी कॅमेरा घेतला. साधा घेतील तर महाराज कसले? रेंजफाइंडर म्हणोन जो कॅमेरा, तोच पाहिजे म्हणाले, कारण तो लहान, त्याचा आवाज होत नाही, माणूस बुजत नाही. त्याची रीत निराळी. इतर कॅमेऱ्यांत फोटो काढणाऱ्या काचेतूनच पाहतात. यात पाहावयाची खिडकी वेगळी आणि फोटो काढणारी काच वेगळी, शेजारी राहून एकमेकींची चौकशी करीत नाहीत. खिडकीत मधोमध एक उजळ तुकडा, त्यात माणूस दोन दोन दिसतो, मग काचेचे कडे फिरवीत जावे आणि दोहोंचा एक जाहला म्हणजे नेम बरोबर. भोवती चौकटीच्या रेषा, आणि रेषांबाहेरचेही दिसते, म्हणोन कोण आत येऊ घातला आहे ते आधीच कळते. महाराज यात ऐसे रमले की न्यायनिवाड्यासही खिडकीतून पाहू लागले. काचा मिलिमीटरांच्या मापाने तीन जमविल्या: पस्तीसाची चालता चालता, पन्नासाची समोर बसून, नव्वदाची रुसलेल्यांसाठी लांबून. पहिला महिना दरबार धूसर निघाला. नारोपंत कारभारी यांचा फोटो काढिला तो मागील कुंडी लख्ख उमटली आणि पंत धुक्यात गेले. ती तसबीर महाराजांनी पंतांस बहाल केली आणि पंतांनी दिवाणखान्यात लावून 'कुंडीचा जिवंतपणा पाहावा' ऐसे येणाऱ्यास सांगितले.

कॅमेऱ्याच्या पाठीस पडदा होता, त्यावर काढिलेला फोटो तत्काळ दिसतो. महाराजांनी त्यावर काळी पट्टी चिकटविली. म्हणाले, "काढला की लगेच मागं बघायचं, हे म्हणजे नवऱ्यानं बोहल्यावर उभं राहून घड्याळ बघणं झालं. काम संपल्यावर एकदम बघावं." आणि दुसरा नियम केला की महाराजांचा डोळा खिडकीस असता कोणी शब्द बोलू नये. या दोन नियमांनी पुढे घात केला.

अक्षय्य तृतीयेचे दिवशी महाराज आणि आत्यासाहेब सोंगट्या खेळावयास बसले. पैज लाविली की महाराज जिंकले तर आत्यासाहेबांनी एक घटका कॅमेऱ्यापुढे बसावे. आत्यासाहेब सहसा हरत नसत, ते दिवशी हरल्या. हरल्या की हरू दिले हे देव जाणे. मग म्हणाल्या, "बसते. पण एकच डाव. पुन्हा आयुष्यात विचारायचं न्हाई." महाराजांचे डोळे भरून आले. पांढऱ्या चाफ्याखाली पाट मांडिला, उजेड उत्तम, महाराजांनी पन्नासाची काच चढविली, चाफ्याचा चीक वा धूळ बसू नये म्हणोन मायेने पुसून तीवर स्वहस्ते काळे झाकण लाविले, आणि आत्यासाहेब येऊन बसताच आनंदाचे भरात तैसाच डोळा खिडकीस लाविला.

झाकण तैसेच! खिडकीत सर्व लख्ख दिसत होते. दोन आत्यासाहेबांची एक आत्यासाहेब होत होती, मग महाराजांस संशय कोठून यावा? नारोपंत पाठीमागे, त्यांस दिसले नाही. दिसले ते दोघांस: समोर बसलेल्या आत्यासाहेबांस, आणि बाजूस दौत घेऊन उभा असलेल्या लिहिणारास. लिहिणाराने तोंड उघडिले, तो आत्यासाहेबांनी ओठांवर बोट ठेवून ऐसे डोळे वटारिले की जीभ टाळूस चिकटली. आणि मग आत्यासाहेब हसल्या. पदर सारिला, पाय मोकळे केले आणि बोलू लागल्या. लहानपणी हैबतीने देवघरातील नैवेद्य खाऊन उंदराचे नाव कैसे घेतले, आणि उंदीर पकडून आणा म्हणताच रडत कैसा कबूल जाहला, ते सांगून इतुक्या हसल्या की चाफ्यावरचे पाखरू उडाले. महाराज "वाहवा, वाहवा" म्हणत बटण दाबीत होते. एक घटका पूर्ण भरली.

सायंकाळी समस्त दरबार कॉम्प्युटरपुढे मिळाला. एकशे चौदा तसबिरी, आणि एकशे चौदाही अमावास्या. नारोपंत पुढे होऊन म्हणाले, "महाराज, छाया मात्र फार गहिरी आली आहे." महाराजांनी कॅमेरा उलटा करून झाकण पाहिले, आणि राज्याचा धनी लेकराप्रमाणे रडला. "आई गेली तशीच ही पण जाणार पंत, आणि मी काळा कागद बघत बसणार," ऐसे म्हणाले. ते ऐकून लिहिणाराने पाय धरून कबूल केले की मज दिसत होते. पंत म्हणाले, कडेलोट. महाराज म्हणाले, "नियम माझाच." आणि लिहिणारास शिक्षा म्हणोन झाकणनवीस हा नवा हुद्दा दिला, की झाकण सांभाळावे आणि जन्मभर लक्षात ठेवावे.

दुसरे दिवशी महाराज आत्यासाहेबांकडे गेले. "आत्यासाहेब, झाकण तसंच राहिलं."

"मला दिसत हुतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर काढलं असतंस." सुपारी कातरीत मग हळूच म्हणाल्या, "आरं, लग्न झाल्यापासून एवढा येळ कुणी तोंडाकडं बघितलं न्हाई माझ्या. जो तो काय हवं ते मागतो नि जातो. तू घटकाभर नुसता बघत हुतास. बरं वाटलं मला. गुरुवारी ये परत. झाकण लावून ये."

मग दर गुरुवारी महाराज झाकण लावून जाऊ लागले. झाकणनवीसाने झाकण घट्ट आहे ऐसे मोठ्याने जाहीर करावे, आणि मग आत्यासाहेबांनी बोलावे, हसावे, कधी गाऊनही दाखवावे, आणि महाराजांनी कडे फिरवीत दोहोंची एक करीत नुसते पाहावे. शटराची गती ऋतुमानाप्रमाणे हाताने लावीत, काळोखाचे का होईना बटणही दाबीत. सवय मोडवत नव्हती. ऐसे करिता कपाळावरची देवीची खूण, डावी भुवई उजवीहून वर, बोलण्याआधी हलणारा ओठ, सर्व महाराजांस पाठ जाहले. नारोपंत कानी लागले, "महाराज, नजर चुकवून एकदा झाकण काढावं." महाराज म्हणाले, "पंत, ती पैज हरली तशी बसली. मी झाकण लावून यायचं कबूल केलं, तसं पाळणार." कार्तिकात आत्यासाहेब खोकल्याने पंधरा दिवस अंथरुणास खिळल्या. एके गुरुवारी त्यांस झोप लागली, मुख उशीवर शांत, दालनाच्या खिडकीतून ऊन आले, आणि महाराजांचा हात झाकणाकडे गेला. हात बोटभर अंतरावरून माघारी आला. ते समयी लिहिणाराने धन्याची खरी किंमत जाणिली.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी, गुरुवार. आत्यासाहेब उठून पुन्हा चाफ्याखाली बसल्या. चाफा निष्पर्ण, ऊन कोवळे. महाराजांनी डोळा खिडकीस लाविला. आत्यासाहेब म्हणाल्या, "हैबती, मी झोपले हुते तवा काढलं न्हाईस ना?"

"नाही."

"जागी हुते मी." ऐसे म्हणोन खो खो हसल्या. महाराजांस खिडकीत दिसले की चौकटीच्या रेषांबाहेरून एक सुरकुतलेला हात येत आहे. वाटले, गालास लाविणार. तो हात नीट काचेवर आला, टक्क ऐसा आवाज जाहला, आणि महाराजांचे बोट सवयीने दाबले गेले.

महाराजांनी तत्क्षणी नियम मोडिला, पाठीवरची काळी पट्टी ओरबाडिली. पडद्यावर पुढे मोठा धूसर तळवा, बोटांत झाकण, आणि मागे आत्यासाहेब, दोन दात उरलेले, डोळे मिटत आलेले, डावी भुवई उजवीहून वर, एकेक सुरकुती मोजून घ्यावी ऐशी स्पष्ट. आत्यासाहेबांनी चष्मा मागविला, पडदा लांब धरून, जवळ धरून बहुत वेळ पाहिला. मग सोळा वर्षांच्या मुलीच्या आवाजात पुसले, "हैबती, खरं सांग. भांडाय आलेली दिसती का रं?"

महाराज म्हणाले, "नाही आत्यासाहेब. झाकण काढायला आलेली दिसते."

"मग लाव भिंतीला," ऐसे म्हणोन त्यांनी पदराने डोळे पुसले.

एवंच तसबीर दिवाणखान्यात पूर्वेच्या भिंतीस, नारोपंतांच्या कुंडीशेजारी लागली. पुढचा हात धूसर ठेवणे हे महाराजांचे कौशल्य, ऐसे पंत पाहुण्यांस समजावितात. महाराज गुरुवारी अद्याप जातात आणि आत्यासाहेब अद्याप सोंगट्यांत जिंकतात. झाकण त्यांनी सुपारीच्या डब्यात ठेविले आहे, मागितल्यास देत नाहीत. झाकणनवीसाचा हुद्दा मात्र चालू आहे.