फाटकापाशी झालेली धडक

आमच्या गाडीत एक बटण आहे, हे मला गाडी जुनी झाल्यावर कळलं. (मी शाळेत गेलो नाही. पण गेलो असतो तरी हे कुणी शिकवलं असतं असं नाही.) डाव्या सीटसमोर, पायाशी असतं. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, गाडी आदळली की ते बटण वर येतं, पेट्रोल बंद होतं, आग लागत नाही. मग बटण दाबलं की पुन्हा सुरू. एकदा तपासून घ्या."

हे हिने ऐकलं. त्याच सकाळी हिच्या बहिणीला दवाखान्यातून घरी सोडणार होते, आणि तिला आणायला आम्हीच जाणार होतो. ही भीतीपोटी माझ्या गाडीत आजवर बसलेली नव्हती.

"आधी बटण तपासा. मगच बसते."

आता आदळल्याशिवाय कळणार कसं? मी जुनी गादी घडी करून फाटकाच्या खांबाशी लावली. शेजाऱ्यांचं मांजर लगेच तिच्यावर येऊन झोपलं. मी देवाचं नाव घेतलं आणि धडक दिली.

बटण जागच्या जागी. मांजरही.

कुंपणापलीकडून निवृत्त पोस्टमन ओरडले, "अहो, देताय ना धडक?"

"दिली की!"

"कधी?"

मग मी चांगला मागे गेलो आणि जिवावर उदार होऊन, डोळे मिटून आलो. या वेळी मांजराने कूस बदलली.

"तिकडे माझी बहीण बाकावर बसून वाळेल!" असं म्हणत ही तरातरा आली, गाडीत बसली आणि दार आपटलं. खट्ट! इंजिनाने दोन आचके दिले आणि मान टाकली. मी वाकून पाहतो तर बटण वर!

"चालतंय गं, चालतंय!"

"गाडी बंद पडली, आणि चालतंय काय?"

"बंद पडली म्हणजेच चालतंय!" मी बटण दाबलं, गाडी सुरू केली. "आता फक्त दार जरा हळू लावत जा."

"मी जोरात लावलं?" असं म्हणून तिने दार उघडलं आणि कसं लावलं होतं ते करून दाखवलं.

खट्ट.

पुन्हा वाकलो, पुन्हा दाबलं. अखेर निघालो. ही माझ्या शेजारी! मी इतका हरखलो होतो की गाडी आणखीच सांभाळून चालवू लागलो. एक सायकलवाला पुढे गेला, मग एक पायी चालणाराही गेला. निम्म्या वाटेवर समोरून टॅक्सी आली आणि खिडकीतून हात हलला. हिची बहीण! वाट पाहून कंटाळली आणि निघाली बिचारी.

ही तडक उतरली. माझं दार धाडकन, टॅक्सीचं अगदी अलगद.

खट्ट.

मी डाव्या सीटसमोर खाली डोकं घालून बटण चाचपत होतो, तेव्हा टॅक्सीतून बहिणीचा आवाज आला, "ताई, त्यांच्या गाडीत बसायची तुला भीती नाही वाटली?"

"छे गं! तपासलीय आम्ही," ही म्हणाली. "हे आदळले तरी मांजराचीसुद्धा झोप मोडत नाही."