सुधाकरकाकांचे दोन चाकू

सुधाकरकाकांच्या ओटीवर आंबा मागू नये. आंबा मिळतो, नाही असं नाही. पण एक फाक लाल चाकूने कापलेली आणि दुसरी पकडवाल्या चाकूने कापलेली अशी मिळते, आणि खाऊन झाल्यावर साक्ष द्यावी लागते.

"कुठल्या फाकेची कड साफ आहे? घाई नको. विचार करून सांगा."

लग्न होऊन दिवेआगरला आले तेव्हापासून मी काकांची शेजारीण. आमच्या दोन वाड्यांमध्ये कमरेएवढा दगडी गडगा, त्यामुळे साक्षीला मी कायम हजर. काका श्रीवर्धनच्या कोर्टात कारकून होते. निवृत्त झाले, पण कोर्ट काही त्यांच्या जिभेवरून उठलं नाही. भाच्याने स्वित्झर्लंडहून लाल चाकू आणला: पाती, कात्री, करवत, कानस, दात कोरायची काडीसुद्धा. काका घरी पर्यटक उतरवतात; त्याच वर्षी अशाच एका पाहुण्याने खूश होऊन अमेरिकन चाकू भेट दिला. तो उघडला की आधी पकड निघते, आणि बाकीची हत्यारं तिच्या मुठीत दडलेली. त्या दिवसापासून कुठली कंपनी श्रेष्ठ, हा खटला सुरू झाला. लाल तो वादी, पकड ती प्रतिवादी. मध्ये बाजारातून एक स्वस्तातली नक्कलही आली होती. पेरू कापताना तिचं पातं मुठीतून निसटून तुळशीत पडलं. "दावा दाखल करून घेण्यालायक नाही," एवढंच काका म्हणाले.

एका पावसाळ्यात त्यांनी दोन्ही चाकू समुद्राकडच्या खिडकीत टांगून ठेवले. खाऱ्या वाऱ्यात आधी कोण गंजतो ते पाहायचं होतं. मंदाकाकू वैतागल्या. "अगं, मला तिथे पंचासुद्धा वाळत घालू देत नाहीत. म्हणे पुराव्यावर सावली पडते!"

वादळात पोफळी आडव्या झाल्या तेव्हा सगळं गाव कुऱ्हाडी-कोयते घेऊन बाहेर पडलं. काका दोन चाकू घेऊन पडले. सकाळभर खपून त्यांनी लालच्या करवतीने जास्वंदीची एक फांदी कापली आणि पकडीने कुंपणाची एक तार पिळली. मग घाम पुसत म्हणाले, "दोन्ही बाजूंनी चांगला मुद्दा मांडलाय."

"मग जिंकलं कोण?" मी विचारलं.

"पुरावा अपुरा आहे."

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे उरणचे प्रवीण म्हात्रे उतरले होते. त्यांचे ट्रेलर बंदरावर चालतात. माणूस मोकळा, आवाज मोठा, आणि कमरेला तीच पकड! काकांना आधी आनंद झाला, पण तो चहा संपेपर्यंतच टिकला.

"काका, लाल चाकू म्हंजे आंबे कापाचं काम हाय," म्हात्रे म्हणाले. "रस्त्यात गाडी बंद पडली तर ह्या दातकाडीनं काय करनार? आपली पकड बगा. एक दाब, काम खल्लास!"

काका ताठ झाले. इतकी वर्षं त्यांनी कुणाची बाजू घेतली नव्हती. पण न्यायाधीशासमोर कुणी वादीला दातकाडी म्हटल्यावर ते तरी काय करणार?

"म्हात्रे, तोल सांभाळून बोला. त्या कानशीचे दात पाहिलेत का?"

वाद रंगला. मीही गडग्याला रेलून ऐकत होते. तेवढ्यात मागच्या अंगणातून मंदाकाकूंची किंकाळी आली. झावळ्यांचा ढीग उचलताना खालच्या गांधीलमाश्या उठल्या होत्या आणि एक काकूंच्या डाव्या हाताच्या बोटाला डसली होती. नेमकी अंगठीच्या बोटाला. आम्ही धावलो. साबण लावला, तेल लावलं, पण अंगठी हलेना. बघता बघता बोट फुगलं, टोकाशी निळसर दिसायला लागलं. दवाखान्यात न्यायचं तर डॉक्टर त्या दिवशी म्हसळ्याला गेलेले.

म्हात्र्यांनी पकड उघडली. "काकू, हात द्या. एका दाबात तोडतो."

"आणि बोट?" काका इतक्या जोरात ओरडले की म्हात्रे मागे सरले. "लांब व्हा! कुणी हात लावायचा नाही."

त्यांनी काकूंना ओटीवर बसवलं, हात आपल्या मांडीवर घेतला. लाल चाकूतली दातकाडी काढून तेलात बुडवली आणि अंगठी नि कातडी यांच्यामध्ये हळूच सरकवली, म्हणजे कानस बोटाला लागू नये. मग घासायला सुरुवात केली. पण काकूंनी ओठ चावला तशी काकांनी कानस उचलून घेतली.

"घाबरू नका हो," काकूच त्यांना म्हणाल्या. "मी ओरडणार नाही. तुम्ही घासा."

मी पाणी घालत होते. काका चार वेळा घासायचे, थांबून काकूंच्या तोंडाकडे बघायचे, पुन्हा घासायचे. शेवटी सोनं तुटलं. पण अंगठी फाकवायला दोन्ही टोकं एकदम ओढायला हवी होती. एक टोक काकांनी आपल्या पकडीत धरलं, दुसरं म्हात्र्यांनी त्यांच्या पकडीत, अगदी फूल उचलावं तसं. अंगठी उघडली, बोट सुटलं. हळूहळू त्यावर लाली आली.

"मंग काका," म्हात्रे हसून म्हणाले, "कोन जिंकला?"

काका काकूंचा हात थंड पाण्याच्या पातेल्यात धरून बसले होते.

दोन दिवसांत सूज ओसरायला लागली, पण काका भलतंच वागू लागले. काकू स्वयंपाकघरात गेल्या की हे स्वयंपाकघरात. काकू विहिरीवर, हे विहिरीवर. काकू मला म्हणाल्या, "काय झालंय यांना? मागे वळले की हे उभे! काही हवंय का विचारलं तर नाही म्हणतात."

शेवटी मीच काकांना विचारलं. आधी इकडचं तिकडचं बोलले. मग आतल्या दाराकडे बघत आवाज उतरवून म्हणाले, "अगं, तिची ती अंगठी वाजायची. डब्याला, कळशीला, रहाटाच्या दांड्याला. मी इथे बसलेला असायचो, पण ती कुठे आहे ते मला कळत असायचं. आता घरात आवाजच नाही. मग उठून बघून येतो."

मी काकूंना हे सांगितलं. त्यांनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

मंदाकाकू तशा हळू बोलणाऱ्या. इतक्या वर्षांत गडग्यापलीकडून त्यांचा मोठा आवाज मी फारसा ऐकलेला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते तेव्हा ऐकू आलं, "अहो, मी विहिरीवर आहे!"

"बरं!" ओटीवरून काका.

थोड्या वेळाने, "अहो, मी मागच्या पडवीत!"

"बरं, बरं!"

अंगठी सोनाराकडून जोडून आली, पण बोट अजून थोडं जाडच आहे. काकू म्हणतात, घालू सावकाश, काही घाई नाही.