चार दिवसांचं परदेश आणि आमचा कायमचा निरोप

हॉस्पिटलातल्या तमाम नर्सेसच्या ड्यूट्या मी लावतो. कुणाचं बाळंतपण, कुणाचं लग्न, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं सांभाळून एकही वॉर्ड उघडा पडू देत नाही. मग तीन माणसांनी परदेशातलं एक शहर चार दिवस पाहून येणं म्हणजे माझ्या हातचा मळ! असं मी बायकोला ठणकावून सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने एक मोजा माझ्या हातात दिला. "आधी याचा जोडीदार शोध."

मग रोज कामावरून आलो की मी लॅपटॉपपुढे. लिफ्टवालं हॉटेल स्टेशनपासून लांब. स्टेशनजवळच्या हॉटेलला लिफ्ट नाही. लिफ्ट आणि स्टेशन दोन्ही असलेल्या हॉटेलात लहान मुलं चालत नाहीत! डोळ्यांच्या खाचा झाल्या. आमची चार वर्षांची खारूताई (गालात खाऊ साठवते, म्हणून खारूताई) मांडीवर चढून विचारायची, "बाबा, परत कधी यायचं?"

"अगं बाई, आधी जाऊ तर दे! परत यायचं राहू दे आता!"

थकलेला माणूस आणखी काय बोलणार?

शुक्रवारी तिला आणायला बालवाडीत गेलो, तर दाराला पताका आणि बाईंच्या डोळ्यांना धारा.

"जाताय ना?"

"जाणार तर! तिकिटंसुद्धा झाली."

"करमेल तिकडे?"

"न करमायला काय झालं? झकास शहर आहे!"

बाई हुंदका देऊन आत पळाल्या आणि वर्गातली सगळी पोरं आम्हा बापलेकींवर चालून आली. मिठ्या, पाप्या, शेंबूड, काही म्हणून कमी नाही! एक लालबुंद पोरगं तर माझी मान सोडेचना. मला वाटलं, काय ही माया! चार दिवसांच्या सहलीला एवढं, तर महिनाभर गेलो असतो तर बँडच लावला असता!

घरी पोचलो, तर दारात घरमालक काका. सोबत नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं, नवऱ्याच्या हातात मोजपट्टी.

"यांना जरा घर दाखवतो," काका कोरड्या आवाजात म्हणाले. "पोरीने जिन्यात सांगितलं म्हणून कळलं. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत."

"अहो काका, त्यात सांगायचं काय? एवढीशी तर गोष्ट!"

"एवढीशी?" काकांचा चेहरा सुकलेल्या लिंबासारखा झाला. "पोटच्या पोरासारखं मानलं तुम्हाला!"

तोवर नवी नवरी आमच्या झोपायच्या खोलीत पोचली होती. "अहो, ही भिंत पाडता येईल?"

"कुठली भिंत?" बायको ओल्या हातांनी बाहेर आली.

तेवढ्यात मेट्रनबाईंचा फोन! बालवाडीच्या बाई म्हणजे त्यांची सून, हे मला ठाऊक होतं. त्याचा माझ्या पोटापाण्याशी काही संबंध असेल, हे मात्र स्वप्नातही आलं नव्हतं.

"सुनेकडून समजलं. गुपचूप देश सोडून निघालात होय? असो. सोमवारपासून तुमच्या खुर्चीत लाँड्रीतले साहेब बसतील."

"देश सोडून?" मी ओरडलो. "कोण म्हणालं?"

"तुमची मुलगी. बाबा म्हणाले, आता परत यायचं नाही."

मी वळून पाहिलं. खारूताई नव्या नवरीच्या हातात आपली बाहुली देत होती. "तू घे. हिला तिकडे नाही न्यायचं." गाल फुगलेले, ओठ थरथरणारे. "बाबा, माझा पलंगपण द्यायचा?"

मला भडभडून आलं. तिला उचललं आणि म्हणालो, "अगं वेडे, थोडं फिरायचं आणि आपल्याच घरी परत यायचं!"

"खरं?" तिने असं भोकाड पसरलं की नवी नवरीही रडायला लागली.

पुढचे दोन दिवस मी माफ्या मागत फिरलो. काका बायकोच्या हातच्या चहावर विरघळले. मेट्रनबाई म्हणाल्या, "मुलांपुढे तोंड सांभाळून उघडत जा." लाँड्रीतल्या साहेबांनी खुर्चीवर घातलेली उशी तेवढी जड मनाने परत नेली.

दोन आठवड्यांनी निघायची सकाळ उजाडली. बॅगा दारात. खारूताईला कपडे घालायला घेतलं, तर पोटावर लाल फोड!

"कांजिण्या," डॉक्टर म्हणाले. "बालवाडीत साथ आहे. विमानात बसायचं नाही." मग त्यांची नजर माझ्या मानेवर गेली. "तुम्हाला लहानपणी येऊन गेल्या होत्या?"

"नाही."

"मग आता आल्यात."

बायकोला लहानपणीच येऊन गेल्या होत्या. सासूबाई धावत आल्या. "तिकीट कशाला फुकट घालवतेस? तू तरी जा गं! या दोघांना मी बघते." बायको दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत ती टॅक्सीत होती!

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी आणि खारूताई अंगभर लोशन फासून भुतांसारखे बसलो होतो.

"शहर कसं आहे?" मी विचारलं.

"छान असावं. मी अजून पडदा उघडला नाही." एक लांबलचक जांभई ऐकू आली. "काय रे, आणखी दोन दिवस राहिले तर चालेल?"

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी फोन हिसकावला. "राहा गं खुशाल! यांचं काही म्हणणं नाही!"

आणि खरंच, माझं काही म्हणणं नव्हतं. जिभेवरही फोड आला होता!