हिप्परदरीच्या डुकराचे हक्कदार

जिवंत रानडुकराला मालक नसतो. ते मेलं की त्याला वारस फुटतात, आणि जनावर जितकं धष्टपुष्ट तितके वारस जास्त. हा निसर्गाचा नियम आहे. हिप्परदरी आणि बोरसांगी या दोन गावांनी तो इतक्या निष्ठेनं पाळला, की त्याची नोंद कुठंतरी राहावी असं मला वाटतं. मी हिप्परदरीच्या शाळेत मास्तर होतो. या प्रकरणातले दोन्ही बाजूंचे अर्ज मीच लिहिले, कारण आसपासच्या गावांत अक्षर माझंच चांगलं.

लातूर जिल्हा नवा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. हिप्परदरी लातूर जिल्ह्यात, बोरसांगी नांदेड जिल्ह्यात, मधे एक ओढा. पाऊस त्या वर्षी दोन्ही जिल्ह्यांना सारखाच विसरला होता (त्याला सरहद्द अजून कुणी कळवलेली नव्हती). हिप्परदरीत विहिरी सात. सहा आटल्या. सातवी कोंडाबाईची, बौद्धवाड्याला लागून, तिच्या दीड एकराच्या तुकड्यात. नवरा गेल्यापासून ती एकटीच ते रान कसत होती. विहिरीत दीड पुरुष पाणी होतं आणि त्यावर एकसष्ट घरं पीत होती. त्यातली चव्वेचाळीस घरं त्याआधी त्या विहिरीकडं कधी फिरकली नव्हती. कारण कुठं नोंदवलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. कोंडाबाईनं कुणाला अडवलं नाही. "पान्याला काय जात असती व्हय," एवढंच म्हणाली, आणि चव्वेचाळीस घरांना ते त्या उन्हाळ्यापुरतं पटलं.

आता शिकारीचा कायदा सांगतो, कारण त्याशिवाय दोन्ही गावांची थोरवी कळायची नाही. पहिलं रक्त ज्याच्या भाल्यानं काढलं त्याला मुंडकं आणि एक मांडी. ज्याच्या कुत्र्यानं जनावर रोखलं त्याला दुसरी मांडी (कुत्र्याला काही नाही, त्यानं अजून तसा अर्जही केलेला नाही). ज्याच्या रानात पडलं त्याला खांदा. हाकारा देणाऱ्यांना बरगड्या. वाटे पडताना जो सहज म्हणून तिथून जात असेल त्यालाही मूठभर, आणि अशा दिवशी अख्खं गाव सहज म्हणून तिथूनच जात असतं. शेवटचं कलम सगळ्यांत जुनं: जनावर पाण्यात किंवा खड्ड्यात पडलं, तर जो ते वर काढील, जनावर त्याचं. बाकीच्यांनी त्याच्या हातून घ्यायचं.

वाद झालाच तर पंच जिलानी. जिलानी कल्हईवाला. गेली वीस वर्षं डुकराचे सगळे तंटे त्याच्यासमोर येतात, कारण ज्याला खायचंच नाही तो एकटाच निष्पक्ष. इतका साधा विचार मोठ्या न्यायालयांना अजून सुचलेला नाही.

तर एका मंगळवारी बोरसांगीच्या माळावर एक डुक्कर उठलं. पाण्याच्या वासानं ते ओढ्याकडं निघालं. बोरसांगीचा रामकिशन आणि त्याची माणसं एका अंगानं, हिप्परदरीचे पोलीस पाटील व्यंकटराव आणि त्यांची माणसं दुसऱ्या अंगानं. भाले सुटले. त्यातला एक लागला. रक्त नांदेड जिल्ह्यात सांडलं, कुत्रा ओढ्यात आडवा आला, आणि डुक्कर लातूर जिल्ह्यात शिरून सरळ कोंडाबाईच्या विहिरीत पडलं. विहिरीला कठडा नव्हता. तो मंजूर झाला होता, पण जुन्या जिल्ह्यात. नव्या जिल्ह्यात कागद पोचायचे होते. डुक्कर आधी पोचलं.

दोन्ही गावं विहिरीभोवती जमली. जनावर बुडून मेलं होतं, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. या प्रकरणात एकमत झालं ते एवढंच.

"भाला माझा हाय. पातं बगा, रगात हाय त्याला," रामकिशन म्हणाला.

"पातं कुनाचंबी असंल, डुक्कर आमच्या शिवारात हाय," व्यंकटराव म्हणाले. "जिल्हा बदलला की हक्क बदलतो."

जिलानीला बोलावणं गेलं. तो भाता ठेवून आला, विहिरीत डोकावला आणि म्हणाला, "पयले जनावर भाएर काढा जी. फैसला मग बी करता येतो. लोकं पानी पिऊन राहिले ना इथलं."

वीस वर्षांत पहिल्यांदाच जिलानी चुकला. जनावर बाहेर काढा म्हणणं सोपं होतं, पण कुणी काढायचं? जो काढील, जनावर त्याचं. बोरसांगीनं दोर सोडला की हिप्परदरी तो ओढून घ्यायची, हिप्परदरीनं गळ टाकला की बोरसांगी तो काढून घ्यायची. शेवटी न्यायाच्या दृष्टीनं सर्वांत योग्य तो मार्ग निघाला. दोन्ही गावांनी विहिरीवर चार-चार माणसांचा पहारा बसवला. डुकराला कुणी हात लावायचा नाही, निकालापर्यंत ते जिथं आहे तिथंच राहील.

कोंडाबाई घागर घेऊन आली, तेव्हा पहाऱ्यानं तिला अदबीनं थांबवलं. कायद्यानं तिचाही हक्क होता, एक खांदा. तसं मीच तिला समजावून सांगितलं.

"मला वाटा न्हाई पायजे मास्तर," ती म्हणाली. "माझं पानी मोकळं करा."

तिनं हक्क सोडल्याची नोंद झाली. दोन्ही गावांनी तिच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक केलं, आणि त्या खांद्यावर दोन नवे दावे दाखल झाले.

दुसऱ्या दिवशी अर्ज निघाले. बोरसांगीचा नांदेडला, हिप्परदरीचा लातूरला. दोन्हींत मी 'वंशपरंपरागत' हा शब्द तीन-तीनदा घातला. मांस तोवर खाण्याच्या पलीकडं गेलं होतं. वैशाखातलं ऊन आणि बंद पाणी, दुसरं काय होणार? पण मांसाला वास येतो, हक्काला येत नाही. डुक्कर फुगून वर आलं, तेव्हा बोरसांगीची माणसं म्हणाली, बघा किती मोठं जनावर मारलं आम्ही.

पाण्याची सोय अर्थातच केली गेली. ज्यांच्याकडं बैलगाडी होती त्यांनी दोन कोसांवरच्या तलावातून पिंपं आणली. ज्यांच्याकडं नव्हती त्यांना संयम ठेवायला सांगण्यात आलं. मी मुखेडहून रोज एस.टी.नं येत असे आणि घरूनच पाणी आणत असे, त्यामुळं मला दोन्ही बाजू समजून घ्यायला वेळ मिळाला.

कोंडाबाई तालुक्याच्या कचेरीत गेली, पायी. "विहिरीत डुक्कर पडलंय, काढून द्या," म्हणाली. कारकून सज्जन होता. त्यानं अर्जाचा कागद दिला आणि सांगितलं, "यात जनावराच्या मालकाचं नाव लिहा." ती परत आली. दुसऱ्यांदा गेली, तेव्हा कारकुनानं खास तिच्यासाठी साहेबांची सही घेऊन हुकूमच काढून दिला: 'सदर जनावराच्या मालकानं ते सात दिवसांत बाहेर काढावं आणि विहीर स्वखर्चानं उपसून, औषध टाकून पूर्ववत करून द्यावी.'

हुकूम गावात आला तो चौथ्या दिवशी सकाळी. दुपारी पहारे उठले.

संध्याकाळपर्यंत दोन्ही गावं माझ्याकडं आली. रामकिशन म्हणाला, "मास्तर, भाला लागलाच न्हाई बगा. पात्याला आदीपसूनच गंज हाय." ज्याच्या कुत्र्यानं डुक्कर रोखलं होतं, त्यानं कुत्रा जन्मापासून डुकराला भितो असं चार साक्षीदारांनिशी लिहून दिलं. व्यंकटरावांना आठवलं, की ते मंगळवारी सोयऱ्यांकडं पाहुणे गेले होते. हाकारा देणारे सांगू लागले, की आम्ही पाखरं हाकलून राहिलो होतो. मला काम थोडं पडलं. जुनेच अर्ज पुढं घेतले आणि उलटे उतरवले. 'वंशपरंपरागत' तसंच ठेवलं: आमच्या घराण्यात वंशपरंपरागत कुणी डुकराच्या वाटेला गेलेलं नाही.

आता कुणी कुणाला दोर सोडायला अडवत नव्हतं. पण सोडणार कोण? जो काढील, जनावर त्याचं. जुना कायदा असा असतो. तो दोन्ही बाजूंनी चालतो.

आठव्या दिवशी कोंडाबाईनं पदर खोचला, कमरेला दोर बांधला आणि स्वतः विहिरीत उतरली. दोर वरून जिलानीनं आणि त्याच्या बायकोनं, बेगमबीनं धरला. डुकराला हात लावणं त्याच्या धर्मात नाही, पण "बाई को छोडता क्या मैं," असं तो म्हणाला. दोनदा ती ओकली. तिसऱ्यांदा डुकराच्या पायांना फास बसला. मग तिला वर घेऊन तिघांनी मिळून ते ओढून काढलं. आम्ही सगळे लांबून, नाकाला उपरणं लावून पाहत होतो. वर आल्यावर तिच्या दोन्ही तळहातांची सालं निघालेली होती. मला वाईट वाटलं. त्या दिवशी माझं अक्षर जरा बिघडलं.

अक्षर बिघडलं म्हणतो, कारण लगेच लिहावं लागलं. जनावर वर येताच दोन्ही गावांची बैठक बसली, आणि आठ दिवस न सुटलेला तंटा पावणेदोन मिनिटांत सुटला. जो काढील, जनावर त्याचं. काढलं कोंडाबाईनं. सबब जनावर कोंडाबाईचं. जिलानीनं पंच म्हणून सही करायला नकार दिला, म्हणून त्याला पंचपदावरून मोकळं केलं. नोटीस मी लिहिली: आपल्या मालकीच्या जनावरामुळं एकसष्ट घरांचं पिण्याचं पाणी नासलं, तरी हुकुमाप्रमाणं विहीर तीन दिवसांत साफ करून द्यावी. काही लोक याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणाले. नियम वाचलेला नसला की माणूस म्हणी वापरतो.

नोटीस मीच नेऊन दिली.

"काय लिवलंय मास्तर?" तिनं विचारलं.

"जनावर तुमचं ठरलं."

"आन् पानी कुनाचं हाय मग?"

हुकुमात त्याचा उल्लेख नव्हता. मी तसं तिला सांगितलं.

तीन दिवस ती विहीर उपसत राहिली. जिलानी, बेगमबी आणि बौद्धवाड्यातल्या चार बाया सोबत होत्या. अकराव्या दिवशी तळाला नितळ झरा लागला. बाराव्या दिवशी पहाटे चव्वेचाळीस घरांच्या घागरी रांगेत होत्या, आणि पाणी आधी कुणी भरायचं यावरून वाद झाला तेव्हा मला अर्ज लिहायला बोलावलं.

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली आहे. नांदेडात सांगितली, लातुरात सांगितली, शिकलेल्यांत सांगितली, अडाण्यांत सांगितली. सगळे शेवटपर्यंत ऐकतात आणि एकच विचारतात: पण मास्तर, पहिला भाला खरा कुणाचा लागला होता? ते अकरा दिवस कोंडाबाई काय प्यायली, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. हरकत नाही, तुम्हाला ताटकळत ठेवत नाही.

भाला बोरसांगीचा होता.