मधमाश्यांचं कपाट

पुस्तक लपवायला जागा कुठली चांगली, यावर धाकट्याने सोमवारी दुपारी जेवढं डोकं चालवलं तेवढं गेल्या अख्ख्या वर्षात अभ्यासासाठी चालवलं नव्हतं. गेल्या वर्षीचा निकालही त्याला साजेसाच लागला होता.

झालं होतं असं, की सरांनी वर्गातल्या चौघांना एकच विषय दिला होता: शहरांचा पाणीपुरवठा. शुक्रवारी प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं, आणि कुठली माहिती कुठल्या पुस्तकातून, कितव्या पानावरून घेतली तेही सांगायचं. वीसपैकी आठ गुण मिळाले नाहीत तर वार्षिक परीक्षेला बसू देणार नव्हते. आणि परीक्षेला नाही तर कुठे बसायचं, हे धाकट्याच्या वडिलांनी आधीच ठरवून टाकलं होतं. ते शिंपी होते आणि दुकानातलं दुसरं मशीन रिकामं होतं. मागच्या सुट्टीत धाकट्याने त्या मशीनवर एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या बाजूच्या लावल्या होत्या. त्यामुळे तिकडे जायची भीती त्याच्याइतकीच गिऱ्हाइकांनाही होती.

कॉलेजच्या ग्रंथालयात या विषयावर एकच धड पुस्तक होतं. लाल पुठ्ठ्याचं, उशीएवढं जाड, एकुलती एक प्रत. ते घरी न्यायला मिळत नसे, तिथेच बसून वाचावं लागे. जागा वरच्या मजल्यावर, पाणी आणि पुलांच्या कपाटात. धाकट्याने ते सोमवारी मिळवलं, दोन पानं वाचली, चार जांभया दिल्या, आणि मग त्याच्या लक्षात आलं की उद्या सकाळी हे पहिल्या नंबरच्या हातात जाणार. पहिला नंबर म्हणजे त्याच्याच गटातली एक मुलगी. बालवाडीपासून ती पहिली येत होती आणि सगळे तिला त्याच नावाने हाक मारत. तिच्या हातात पुस्तक गेलं की शुक्रवारपर्यंत सुटणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मग त्याने पुस्तक वहीखाली धरलं, जिना उतरला, आणि खालच्या मजल्यावर मागच्या खोलीत गेला. तिथे शेतीची कपाटं होती. अगदी शेवटच्या कपाटात मधमाशीपालन. या कपाटाकडे कुणी कधी फिरकत नसे, धूळसुद्धा तिथे निवांत बसलेली असे. दोन निळ्या पुस्तकांच्या मधे लाल पुस्तक सरकवून धाकटा शीळ घालत घरी गेला.

मंगळवारी सकाळी दोन निळी पुस्तकं होती. मधलं लाल नव्हतं.

धाकट्याने ती ओळ पुन्हा चाचपून पाहिली. चोरीला गेलेला माल चोराने कुणाकडे मागायचा? अर्धा तास कपाटामागे घालवून शेवटी तो ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी गेला.

"बाई, ते लाल पुस्तक कुठं असतं हो?"

"लाल? आमच्याकडे पुस्तकं रंगावर लावत नाहीत रे. नाव काय?"

"पाण्याचं आहे काहीतरी."

"लेखक?"

"जाड आहे," धाकटा म्हणाला.

बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. मग त्याला पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांच्या खणांपाशी नेलं, विषयाचा खण ओढला आणि बोटाने कार्डं मागे टाकत एकावर थांबल्या. "हे बघ. नावावरून शोध, लेखकावरून शोध, नाहीतर विषयावरून शोध. तिन्ही वाटा या नंबरापाशीच येतात. आणि नंबर कळला की कपाट कळलं." त्यांनी चिठ्ठीवर नंबर लिहून त्याच्या हातात दिला. "जा वर, मिळेल."

धाकट्याला मनातून हसूच आलं. पुस्तक वर नाही, हे त्याच्याइतकं खात्रीने कोण सांगू शकणार होतं? त्यानेच तर ते तिथून काढलं होतं! चिठ्ठी खिशात कोंबून तो पुन्हा मागच्या खोलीत गेला. त्याचा हिशोब सरळ होता. कुणीतरी पुस्तक पाहिलं आणि दुसरीकडे दडवलं. तेव्हा आता दडवणाऱ्याच्या डोक्याने शोधायचं. बुधवारी दुपारपर्यंत त्याने शेतीची नऊ कपाटं पालथी घातली, ओळींच्या मागे हात घातला, एका ठिकाणी त्याला कुणाचीतरी जुनी पुरचुंडी सापडली आणि तिच्यातले दाणे त्याने विचार न करता खाल्ले.

"काय शोधतोस?" पाठीमागून आवाज आला. ग्रंथालयातले शिपाईमामा कमरेवर हात ठेवून उभे होते.

धाकट्याच्या नाकासमोर जे होतं तेच त्याच्या तोंडून निघालं. "मधमाश्या."

मामांनी ही बातमी बाईंना सांगितली, आणि तिथून सगळं हाताबाहेर गेलं. बाईंना ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षं झाली होती. या वर्षांत मधमाश्यांचं पुस्तक मागणारा त्यांना एकही भेटला नव्हता. त्यांचा चेहरा असा उजळला, की धाकट्याची खरं बोलायची छाती होईना.

"बस इथं, माझ्यासमोर," बाई म्हणाल्या आणि चार पुस्तकं त्याच्यापुढे ठेवली. "सगळी वाचायची नाहीत. आधी मागची सूची बघ. काय हवंय तुला त्यांचं?"

धाकट्याच्या डोक्यात एकच शब्द होता. "पाणी."

"अरे वा! मग सूचीत पाणी शोध. पान लिहून घे. आता दुसऱ्या पुस्तकात तेच बघ. दोघं वेगळं सांगतात ना? मग खालची टीप वाच, कुणाचं ऐकून सांगतात ते कळेल."

तो उठू लागला की बाई विचारत, "झालं एवढ्यात?" आणि तो पुन्हा बसे. गुरुवारी त्याच्यासाठी जुन्या मासिकांचे बांधलेले तीन खंड काढून ठेवलेले होते. घरी वडिलांनी विचारलं, "तयारी कुठवर आली?" तेव्हा धाकटा नुसताच म्हणाला, "राणीमाशीपर्यंत." वडिलांनी दुसऱ्या मशीनला तेल घातलं.

शुक्रवार उजाडला. पहिला नंबर आधी बोलली, धबधब्यासारखी. प्रत्येक पान लाल पुस्तकातलं.

"पुस्तक सहज मिळालं?" सरांनी विचारलं.

"हो सर, वर आपल्या जागेवरच होतं. मंगळवारपासून तिथंच खिडकीपाशी बसून वाचतेय. कुणी आलंच नाही मागायला."

धाकट्याने बाक घट्ट धरला. तीन दिवस तो खालचा मजला उपसत होता आणि पुस्तक त्याच्या डोक्यावर होतं. त्याला रडू यायचंच बाकी होतं, एवढ्यात सरांनी त्याला उभं केलं.

"सर, मला ते पुस्तक मिळालं नाही."

"मग काय केलंस? ग्रंथपालबाई तर म्हणाल्या, पोरगा टेबलावरून हलत नाही."

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. धाकटा म्हणाला, "सर, पोळ्यातही पाणीपुरवठा असतो." वर्ग हसला. पण तो बोलत राहिला. उन्हाळ्यात कामकरी माश्या पाणी आणतात, पोळ्यात थेंब पसरतात, पंखांनी वारा घालतात. हे कुठल्या पानावर, ते दुसऱ्या पुस्तकात कसं अर्धवट दिलंय, टिपेवरून मासिकाचा कुठला अंक शोधला, सगळं त्याने सांगितलं.

"मी शहरांचा पाणीपुरवठा विचारला होता," सर म्हणाले.

"एका पोळ्यात चाळीस हजार जणी राहतात, सर."

सर खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचे खांदे हलत होते. मग ते गंभीर तोंड करून वळले. "शोधायचं कसं, ते चौघांत तुलाच नीट आलंय. पण विषय चुकला, म्हणून आज गुण नाहीत. पुढच्या शुक्रवारी शहरांवर पुन्हा बोल. बाकीच्यांनी तोवर लेख लिहून द्या. चौघांत ज्याचं काम सरस ठरेल, ते कॉलेजच्या वार्षिक अंकात छापू." पहिल्या नंबरने वळून धाकट्याकडे पाहिलं. आजवर तिने त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

जिन्याशी धाकट्याने मामांना गाठलं. "मामा, सोमवारी मधमाश्यांत एक लाल पुस्तक होतं का हो?"

"होतं की. पाचला बंद झाल्यावर मी सगळी भरकटलेली पुस्तकं नंबर बघून जागेवर लावतो. त्या कपाटात आठवड्याला दोन तरी सापडतात." मामा हसले. "लपवायला सगळ्यांना तीच जागा सुचते."

शनिवारी दुपारी धाकट्याने खिशातली चुरगळलेली चिठ्ठी काढली आणि पहिल्यांदाच नंबर वाचत वर गेला. कपाट सापडलं, ओळ सापडली, नंबरही पुढचा आणि मागचा बरोबर होता. मधे बोट जाईल एवढी नाही, उशी जाईल एवढी फट होती.

त्याला मामांचं बोलणं आठवलं. घड्याळात साडेतीन वाजले होते, मामांच्या फेरीला अजून वेळ होता. मग तो घाई न करता जिना उतरला, मागच्या खोलीत गेला आणि शेवटच्या कपाटातल्या दोन निळ्या पुस्तकांमधून लाल पुस्तक काढून घेतलं. सातव्या प्रकरणात पहिल्या नंबरच्या सुंदर अक्षरातली खुणेची चिठ्ठी होती. ती त्याने जपून तशीच राहू दिली.

वाचायच्या दालनात पहिला नंबर मासिक चाळत बसली होती. धाकटा तिच्यासमोर बसला आणि लाल पुस्तक टेबलावर ठेवलं. तिचा चेहरा पुठ्ठ्याच्या रंगाचा झाला.

"हे... हे कुठं मिळालं तुला?"

धाकट्याने मागची सूची उघडली आणि वही सरळ केली.

"जागेवरच होतं," तो म्हणाला.