माझी लाळ विमानानं गेली

मी जातपात मानत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नागपूरच्या आमच्या अख्ख्या महाल भागात माझ्याइतका सुधारलेला माणूस शोधून दाखवा! ऑफिसात प्यूननं आणलेला चहा मी बिनदिक्कत पितो. फक्त पोरीनं लग्न नीट बघून करावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

झालं असं, की आमच्या मुग्धानं तिच्या बँकेतल्या धम्मदीपशी लग्न करायचं ठरवलं. पोरगा देखणा, शिकलेला, पगार तिच्यापेक्षा जास्त, वर साधी सिगारेटही ओढत नाही. नाव ठेवायला जागा नाही, हीच मोठी अडचण! घराणं म्हणाल तर छप्पन्न साली दीक्षाभूमीवर बौद्ध झालेलं. आता हे कारण मी तोंडानं कसं सांगणार? मी पडलो सुधारलेला.

पण डोकं माझं चालतं. मी मुग्धाला समजावलं, की माझा विरोध मुळीच नाही, पण जमाना विज्ञानाचा आहे. डीएनए तपासू. हजारो वर्षांपूर्वी कोणाचे पूर्वज कुठून कुठे गेले, सगळं त्यात निघतं. मूळच वेगळं निघालं, तर पुढच्या पिढीचा विचार नको का करायला? आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर पश्चिमेकडून नागपुरात आले. त्याच्या आधी ते इराणात होते, असं आमचे काका सांगत. माझं नाक बघून ते कोणालाही पटावं.

मुग्धा हसली नाही. "आणि वेगळं नाही निघालं तर?"

"तर मांडव मी घालतो. शब्द आहे आपला."

माझी बायको चारुलता काटोलची. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "काहून नसती विषाची परीक्षा घेऊन राहिले?" बायकांना विज्ञान कळत नाही, म्हणून मी सोडून दिलं.

डीएनए तपासणाऱ्या कंपनीकडून दोन नळ्या आल्या. एक माझी, एक धम्मदीपची. रेषेपर्यंत थुंकायचं, आणि त्याआधी अर्धा तास तोंडात काही टाकायचं नाही. आता नागपूरच्या माणसाला थुंकायला का शिकवावं लागतं? मी उभ्या उभ्या नळी भरून दिली. काही दिवसांनी कंपनीनं कळवलं, की तुमचा नमुना बाद. नळीत सुपारी, चुना आणि तंबाखू सापडले, माणूस सापडला नाही. खर्र्याचं मी विसरलोच होतो. तो माझ्या गालात इतक्या वर्षांपासून मुक्कामाला आहे, की त्याला मी खाण्यात धरतच नाही.

दुसऱ्या खेपेला मुग्धा समोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसली. आधी मला घाम फुटला, मग जांभया सुरू झाल्या, शेवटी तोंडच कोरडं पडलं. थुंकी येईना! चारुलतानं भिवापुरी मिरचीचा ठेचा नाकाखाली धरला, तेव्हा कुठे नळी भरली आणि माझी लाळ विमानानं बंगलोरला गेली. मी स्वतः अजून विमानात बसलेलो नाही.

रिपोर्ट आला त्या रविवारी धम्मदीप आणि त्याची आई जयाताई आमच्याकडे आले होते. जयाताई निवृत्त हेडमास्तरीण. मुग्धानं नकाशे टीव्हीवर लावले. मी चष्मा पुसून इराण शोधू लागलो, तर माझ्या पूर्वजांचा बाण सुटला होता थेट आफ्रिकेतून! तिथून अरबस्तान, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंदुस्थान. इराणात कोणी पाणी प्यायलाही थांबलं नव्हतं. मग धम्मदीपचा नकाशा आला. मला वाटलं, पोरीनं चुकून माझाच पुन्हा लावला. बाण तोच, वाट तीच. खाली लिहिलं होतं, की बापाकडून दोघांची शाखा एकच आहे आणि काही हजार वर्षांपूर्वी दोघांचा मूळपुरुषही एकच होता.

"चला, मांडववाल्याले फोन लावा," चारुलता म्हणाली.

पण इतक्यात हार मानेन तो मी कसला? मूळपुरुष एक म्हणजे गोत्र एक, असं मी ठणकावून सांगितलं. सगोत्रात लग्न चालत नाही. विज्ञानानंच सिद्ध केलं, की हे दोघे बहीण-भाऊ आहेत!

मुग्धाचे डोळे भरून आले. "बाबा, आधी परका म्हणून नको होता. आता घरचा म्हणून नको. मग मी नवरा आणायचा कुठून?"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. माझी एकुलती एक पोर ती. शेवटी मी संमती देऊन टाकली. मोठ्या मनानं दिली, आणि आता जयाताई हात जोडतील, डोळे पुसतील, म्हणून सोफ्यावर जरा ताठ होऊन बसलो.

जयाताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुमची संमती झाली, केशवभाऊ. आमची अजून बाकी आहे. मुग्धा आम्हाला पसंतच आहे. पण सोयरीक घराशी होते. ज्या घरात पोराची थुंकी तपासून मग त्याला पाणी विचारतात, त्या घराचा विचार करावा लागेल. घरी बोलून कळवते."

आणि निघाल्या! त्याला आता आठवडा होत आला. मुग्धा तोंड फुगवून बसली आहे. मी अंघोळीलाही फोन सोबत नेऊन राहिलो. काटोलची संत्री पाठवली, तीही त्यांनी ठेवून घेतली, पण निरोप नाही.

काल माझा धीर सुटला. मी चारुलताला म्हटलं, "नकार देतील? आपल्याला? आमच्यासारखं रक्त त्यांना शोधून सापडायचं नाही."

"शोधतील काहून?" ती म्हणाली. "त्यांच्या घरी तेच आहे ना."